सेगोची उधारी

मामाचा पाय सुजून भोपळा झाला होता,
त्यामुळे त्याची कुऱ्हाड चार दिवस
भिंतीला टेकून नुसती बसून होती.
सुवेदीने ती उचलली. कुणी पाहिलं नाही.
कोंबडीने पाहिलं,
पण कोंबडीचं बोलणं कोण मनावर घेतं?

लुजेंदा नदीच्या पलीकडे रान सुरू होतं.
संपतं कुठे, ते कलांजेमामालाही ठाऊक नाही.
तिथे उभं राहून सुवेदीने हाक घातली,
मामा घालतो तश्शी.
पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली.
दुसऱ्यांदा ओठ थरथरले, पुढचं घशातच अडकलं.
तिसऱ्यांदा
ब्र्र्रर्र… हम्!
आणि फांदीवरचं एक वाळकं पान
एकाएकी बोलू लागलं.

सेगो! मधाची वाट दाखवणारा पक्षी.
रंगाने मातकट, शेपटीला तेवढी पांढरी किनार.
काडेपेटी कानाशी खुळखुळवावी तसा त्याचा आवाज :
चर्र चर्र, चल चल, चर्र चर्र.

सेगो पुढे, सुवेदी मागे.
काटेरी झुडपं, कोरडा ओढा,
हत्तीच्या पावलात साचलेलं सूपभर पाणी,
आणि त्यात एक बेडूक,
तळं आपल्या मालकीचं असल्यासारखा.
सेगो थांबे, वळून बघे. येतोयस ना?
येतोय, येतोय.

पण एक गोष्ट सुवेदीला
काट्यासारखी सलत होती, चप्पल असूनही.
मागच्या खेपेला मामाने पोळं उतरवलं,
मध बादलीत ओतला
आणि मेणाचा गोळा त्याच्या हातावर ठेवला.
“हिरव्या पानावर ठेव. हा सेगोचा वाटा.
त्याचं देणं जो बुडवतो ना,
त्याला तो पुढच्या वेळी
बिबट्याच्या दारात नेऊन सोडतो.”
सुवेदीने पान ठेवलं.
मेण नाही ठेवलं.
मेण गेलं खिशात, खिशातून घरी,
आणि घरी ढोलाच्या कातड्यावर.
काय घुमला होता ढोल त्या रात्री!

सेगो गप्प झाला.
समोर बाओबाब, सात पोरांनी हात धरले
तरी आठवं लागेल एवढा.
बुंध्यात ढोली. माशी एकही नाही.
ढोलीत अंधार.
अंधारात दोन डोळे.

बिबट्या!
हातात कुऱ्हाड आहे, हे हातच विसरला.
डोळे पुढे सरकले.
आधी नखं आली. मग काळं थोबाड.
मग पाठ, राखेची गोधडी पांघरल्यासारखी.
चांदी अस्वल!
नाव अस्वलाचं, अंग कुत्र्याएवढं,
आणि राग? तो कुठल्याच मापात मावत नाही.
फिस्स! म्हणालं ते,
आणि सुवेदी शेजारच्या झाडावर होता.
कसा चढला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

वर कानाजवळ काहीतरी गुणगुणलं.
एक माशी. दुसरी. मग फटीतून रांगच.
आणि वरच्या फांदीवर सेगो,
मान तिरकी करून बसलेला.
म्हणजे पोळं इथेच होतं?
की आधी बाओबाब दाखवला, तो मुद्दाम?
सेगोने काही सांगितलं नाही.

धूर करायला काही नव्हतं, दोरी नव्हती,
खाली कुऱ्हाड पडलेली, तिला कुणीतरी हुंगत होतं.
ऊन उतरेपर्यंत सुवेदी फांदीला चिकटून राहिला,
मग रिकाम्या बादलीसारखा घरी आला.

रात्री त्याने ढोल मांडीवर घेतला
आणि नखाने खरवडून खरवडून
सगळं मेण काढलं.
सकाळी नदीपलीकडे हिरव्या पानावर ठेवलं,
वर एक खडा, वारा नको म्हणून.

संध्याकाळी मामाने ढोलावर टिचकी मारली.
“आवाज बसला रे ह्याचा,” एवढंच म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
“तुझं ‘हम्’ फार वरून येतं. पोटातून काढ.”

दुसऱ्या दिवशी पान रिकामं होतं.
पानावर चोचीचे टोचे होते,
ते तर असायचेच.
पण शेजारी ओल्या मातीत
पाच लांब नखांचा एक ठसा होता,
आणि खडा कुणीतरी
नीट उचलून
बाजूला ठेवला होता.